इंडोनेशिया की फिलिपिन्स : परदेशी शिक्षकाने कुठे राहावे?

खारवारा (धागालेखिका)

नमस्कार. पूर्व जावातील सुराबाया शहरात केंब्रिज अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते. नवरा घरून काम करतो आणि मुलगी सात वर्षांची आहे. मनिलाजवळच्या एका शाळेकडून आता मला विचारणा झाली आहे. पगारात फारसा फरक नाही, म्हणून हा निर्णय पैशांवर न घेता शिकवण्यावर आणि रोजच्या जगण्यावर घ्यावा असे आम्हा दोघांना वाटते.

हे दोन देश बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. हजारो बेटे, ज्वालामुखी, तिन्ही त्रिकाळ भात, संकोची हसू आणि वडीलधाऱ्यांचा मान दोन्हीकडे आहे. माझे इथले विद्यार्थी सकाळी दारातच माझा हात हातात घेऊन कपाळाला लावतात, आणि माझ्या फिलिपिनो सहकारी सांगतात की त्यांच्याकडेही मोठ्यांना 'मानो पो' म्हणत असाच नमस्कार करतात. तरीही त्या सहकाऱ्यांचा वर्गातला वावर मला इथल्या शिक्षकांपेक्षा अगदी निराळा जाणवतो. त्या मोकळ्या बोलतात, मुलांकडून गाणी म्हणवून घेतात, नाट्य उभे करतात. माझ्या जावानी विद्यार्थ्यांना वर्गात शंका विचारायला सांगितले तर सगळे खाली बघतात. तास संपला की दोघेतिघे हळूच टेबलापाशी येतात. ही शांतता मला आधी खटकत असे, आता तिची गोडी लागली आहे, आणि ती सोडून जाताना आपण नेमके काय मिळवू हे मला समजून घ्यायचे आहे.

दोन्हीकडे किंवा एकीकडे राहिलेल्यांनी वर्ग, सहकारी, शेजार, शाकाहार आणि लहान मूल यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दर्यावर्दी

मी मनिलाच्या केसोन सिटी भागात गणित शिकवले, म्हणून तिथल्या वर्गाविषयी लिहितो.

फिलिपिनो विद्यार्थ्यांचा मोकळेपणा खरा आहे आणि त्यामागे इतिहास आहे. १८९८ मध्ये स्पॅनिश सत्ता गेली, अमेरिकन आले, आणि १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले. त्या शिक्षकांना तिथे आजही 'थॉमसाइट' म्हणून ओळखतात. सार्वजनिक शाळांची इंग्रजी माध्यमाची व्यवस्था त्या काळात रुजली. त्यामुळे तुम्ही पहिल्या दिवशी वर्गात गेलात की भाषेचा अडसर जवळपास नसतो. मुले 'सर', 'मॅम' म्हणत पुढे येतात, गटाने सादरीकरण करतात, आणि कोणत्याही विषयाचा प्रकल्प नाचगाण्यासह सादर करण्याची त्यांची तयारी असते. त्रिकोणमितीवर मुलांनी रचलेले गाणे मी ऐकले आहे आणि ते उत्तम होते.

मात्र बोलका वर्ग म्हणजे प्रश्न विचारणारा वर्ग असे समजू नका. 'हिया' नावाची जी लाज तिथल्या समाजात मुरलेली आहे ती वर्गातही असते. शिक्षकाचे चुकले तर ते दाखवून देणे मुलांना उद्धटपणा वाटतो, आणि एखाद्याला चारचौघांत उत्तर चुकल्याबद्दल बोललात तर तो मुलगा महिनाभर तुमच्याकडे बघत नाही. या बाबतीत तुमचे सुराबाया आणि माझे केसोन सिटी फार लांब नाहीत. फरक एवढाच की तुमच्याकडे संकोच मौनात दिसतो, तर आमच्याकडे तो हास्यविनोदाच्या आड असतो.

शेवगा

शाकाहारी असाल तर सुराबाया सोडू नका. बाकीचे सगळे मुद्दे नंतर.

पाणकणीस

मी आधी इंडोनेशियात बांडुंगला आणि नंतर फिलिपिन्समध्ये सेबूला शिकवले आहे, म्हणून दोन्हीकडचे थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या मते खरा फरक भाषेचा आहे, आणि त्यातून बाकीचे बरेच फरक निघतात. इंडोनेशियात शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजी फारशी चालत नाही. भाजीवाली, ओजेकवाला (मोटारसायकलवरून भाड्याने नेणारा), घरमालकीण, गल्लीचा प्रमुख या सगळ्यांशी बोलायला तुम्हाला बहासा इंडोनेशिया शिकावीच लागते. ती शिकायला सोपी आहे; लिपी रोमन, क्रियापदाला काळाप्रमाणे रूपे नाहीत, आणि संस्कृतातून गेलेले शब्द आपल्याला पदोपदी भेटतात. सहा महिन्यांत माणूस बाजारहाट करू लागतो, वर्षभरात शेजारणीच्या सुखदुःखात भाग घेऊ लागतो. मोडकीतोडकी का होईना, परक्याने आपली भाषा बोललेली ऐकली की तिथल्या माणसाला जो आनंद होतो, त्या आनंदावर मी बांडुंगमध्ये निर्धास्त राहिले.

सेबूमध्ये ही गरजच पडली नाही. सगळे इंग्रजीत होत गेले आणि त्यामुळे मी बराच काळ पाहुणी राहिले. तिथल्या लोकांची घरगुती भाषा सेबुआनो, राष्ट्रभाषा टागालोगवर आधारलेली फिलिपिनो, आणि कामकाजाची इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी सगळे इंग्रजीत बोलत, पण खरे हसणे, चिडणे, कुजबुजणे सेबुआनोतच चाले. ती भाषा शिकू लागल्यावर कळले की तिची क्रियापदे बहासापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहेत. फिलिपिन्समध्ये दार पहिल्याच दिवशी उघडते हे खरेच. पण माजघरापर्यंत जाण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करत नाही, ती तुम्ही स्वतःवर करून घ्यावी लागते. खारवाराताई, तुम्ही मनिलाला गेलात तर पहिल्या महिन्यापासून फिलिपिनो शिकायला लागा, एवढे मी आग्रहाने सांगते.

तिसरी घंटा

पाणकणीस, तुमचा अनुभव मान्य, पण इंग्रजी फिलिपिनो माणसासाठी फक्त ओसरीची भाषा आहे, असे म्हणणे मला पटत नाही. शंभराहून अधिक वर्षे ती तिथे शाळेत, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात आहे. कित्येक घरांत दोन भाषा एका वाक्यात नांदतात. ती त्यांचीही भाषा आहे.

मला दुसरी गोष्ट शिक्षक म्हणून अधिक महत्त्वाची वाटते. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी देशोदेशी होणाऱ्या 'पिसा' चाचणीत २०१८ मध्ये फिलिपिन्स पहिल्यांदाच उतरला आणि वाचनात ७९ देशांत शेवटचा आला. त्यांचे सरासरी गुण ३४०, इंडोनेशियाचे ३७१. दोन्ही देश खालीच आहेत, पण फिलिपिनो मुलांनी ती चाचणी इंग्रजीतून दिली आणि इंडोनेशियन मुलांनी बहासा इंडोनेशियातून, हा तपशील विसरता कामा नये. मुले इंग्रजी सफाईने बोलतात म्हणून ती इंग्रजीतला मजकूर खोलवर समजून घेतात असे नाही. हे एकट्या भाषेमुळे झाले असेही मी म्हणत नाही. सरकारी शाळांतील गर्दी आणि दारिद्र्य ही कारणे मोठी आहेत. तिथे २०१२ पासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण राबवले गेले, आणि २०२४ मध्ये कायदा करून त्याची सक्ती काढून घेतली. मराठी माध्यमाच्या शाळा बंद पडताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी त्या निर्णयाकडे काळजीने पाहावे असे मला मनापासून वाटते.

इंडोनेशियाने मात्र या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले. १९२८ च्या तरुणांच्या शपथेत त्यांनी एक भाषा स्वीकारली ती सर्वांत मोठ्या समाजाची जावानी नव्हे, तर बंदराबंदरांत व्यापारासाठी बोलली जाणारी मलय. कोणत्याही मोठ्या समाजाची घरची भाषा इतरांवर लादली गेली नाही, म्हणून आचेपासून पापुआपर्यंतची शाळा त्या भाषेत चालते.

मांडवीकर

मी पणजीचा, कॅथलिक, आणि मध्य फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात शिकवतो. जानेवारीत सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, मिरवणूक निघते तेव्हा मला गोव्यातल्या फेस्ताची आठवण होते. ढोल, ब्रासबँड, घरोघरी मांडलेली जेवणे आणि ओळखपाळख नसलेल्यालाही पानावर बसवण्याची रीत. सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात, आणि १६ ते २४ डिसेंबर पहाटेच्या प्रार्थनांना चर्च भरून वाहतात. शाळेचे सारे वेळापत्रक या महिन्यांभोवती फिरते.

तरी 'एक देश मुसलमान, एक देश ख्रिस्ती' अशी सोपी विभागणी कोणी करू नये. ज्यांचे शव आमच्या जुन्या गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५४६-४७ मध्ये मालुकू बेटांत, आंबोन आणि तेर्नाते येथे होते. ती बेटे आज इंडोनेशियात आहेत. फ्लोरेस बेटावरील लारांतुका गावात पोर्तुगीज काळापासूनची पवित्र सप्ताहाची मिरवणूक आजही निघते. उलट फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओत मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ पासून बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश आहे. शिक्षकाला दोन्हीकडे दोन्ही धर्मांची मुले भेटतात.

खारवारा

मांडवीकर, हे फार मोलाचे सांगितलेत. माझ्या शाळेतही हे रोज दिसते. इंडोनेशियाच्या २००३ च्या शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या धर्माचे शिक्षण त्याच धर्माच्या शिक्षकाकडून मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे धर्माच्या तासाला एकाच वर्गातली मुले वेगवेगळ्या खोल्यांत जातात आणि पुढच्या तासाला माझ्याकडे पुन्हा एकत्र येतात. रमझानमध्ये तास लहान होतात, उपाहारगृहाला पडदा लागतो, आणि उपवास नसलेली मुले आपले डबे कोपऱ्यात बसून खातात. कोणी त्यांना तसे सांगत नाही. ती आपणहून करतात.

अनवट

हजेरीपटाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. मी योग्यकार्ताला होतो. माझ्या वर्गात विस्नू, अर्जुना, देवी, इंद्रा आणि दोन श्री होत्या, आणि त्यांतले बहुतेक मुसलमान घरातले. अनेकांना आडनावच नव्हते. जावामध्ये एकाच नावाने आयुष्य काढणारे लोक आजही पुष्कळ आहेत. शाळेच्या संगणकात आडनावाचा रकाना सक्तीचा असल्यामुळे कारकून तेच नाव दोनदा लिहीत असे. फिलिपिन्समध्ये याच्या उलट आहे. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढून ज्यांना पक्के आडनाव नव्हते त्यांना यादीतली आडनावे घ्यायला लावली. आज हजेरीत प्रत्येकापुढे आडनाव असते, आणि सांतोस, रेयेस, क्रूझ तर पुन्हा पुन्हा भेटतात.

सुट्टीच्या दिवशी मी मुलांबरोबर प्रांबानानला रामायण नृत्यनाट्य पाहायला जात असे. ते १९६१ पासून त्या नवव्या शतकातल्या मंदिरांसमोर होते. वायांग, म्हणजे बाहुल्यांच्या सावल्यांचे नाट्य, मात्र रात्रभर चालते, आणि त्यातला सेमार हा जाडजूड विदूषक मूळ महाभारतात नाहीच. तो अर्जुनाचा सेवक आहे आणि देवही आहे, आणि जावानी माणूस त्याच्यावर अर्जुनाहून अधिक प्रेम करतो. आपली महाकाव्ये त्यांनी आणली आणि मग पूर्णपणे आपलीशी केली. तिथे गेलेल्या मराठी शिक्षकाने 'हे तर आमचेच' असे म्हणत फिरू नये. मुलांना ते आवडत नाही आणि ते बरोबरही नाही.

कर्दळीवन

अनवट, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

सहकाऱ्यांविषयी लिहिते. आपल्याकडच्या भिशीसारखी प्रथा दोन्ही देशांत आहे. इंडोनेशियात तिला आरिसान म्हणतात, फिलिपिन्समध्ये पालुवागान. शिक्षिकांच्या भिशीत तुम्हाला घेतले की तुम्ही त्यांच्यातल्या झालात असे समजावे. पैशांचा आणखी एक सुखद भाग असा की दोन्हीकडे वर्षाला एक जादा पगार कायद्यानेच मिळतो. फिलिपिन्समध्ये १९७५ च्या हुकुमानुसार 'तेरावा महिना' २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. इंडोनेशियात सणाचा भत्ता सणाच्या किमान सात दिवस आधी द्यावा लागतो. त्यानंतर लेबारानला, म्हणजे रमझान ईदला, अर्धा जावा आपापल्या गावी निघतो, आणि आपल्या गणपतीतल्या कोकणच्या गर्दीसारखे रस्ते फुलून जातात.

पण एका गोष्टीविषयी गांभीर्याने बोलायला हवे. परदेशी शिक्षकाला स्थानिक शिक्षकापेक्षा जास्त पगार मिळतो, हे दोन्हीकडे सहकाऱ्यांना ठाऊक असते. मनिलाच्या इंटरनॅशनल स्कूलमधल्या स्थानिक शिक्षकांनी या प्रश्नावर लढा दिला. परदेशातून घेतलेल्यांना २५ टक्के अधिक पगार होता. जून २००० मध्ये फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व मानून त्या शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. घर, प्रवास असे स्थलांतराचे भत्ते वेगळे असू शकतात, मूळ पगार नव्हे, असा त्याचा आशय होता. इंडोनेशियात तुमच्या शेजारच्या टेबलावरची कंत्राटी शिक्षिका, म्हणजे 'गुरू होनोरेर', किती तुटपुंज्या मानधनावर काम करते हे पाहिले की मन अस्वस्थ होते, आणि ते झालेच पाहिजे. परदेशी शिक्षकाने आपल्या पगाराची चर्चा तिथे मोठ्याने करू नये आणि तिच्या कामाचे श्रेय तिला जाहीरपणे द्यावे.

दर्यावर्दी

कर्दळीवन, उत्तम लिहिलेत. त्यात एक भर घालतो. माझ्या बरोबरीच्या निम्म्या फिलिपिनो शिक्षिका स्वतःच परदेशी जाण्याच्या तयारीत असत. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील आखातात, हाँगकाँगला किंवा जहाजावर असतात, आणि पालकसभेला आजी येते. अशा मुलाने गृहपाठ केला नाही तर ओरडण्याआधी घरी कोण आहे ते विचारावे. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. इंडोनेशियातूनही बायका घरकामाला परदेशी जातात, पण शहरी खाजगी शाळांच्या वर्गात त्याची सावली इतकी दाट नसते.

तुळसण

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. इंडोनेशियात शाळा परवानगी काढते, त्यावर तुमचे 'किटास', म्हणजे मर्यादित मुदतीचे निवासपत्र मिळते, आणि कायद्याने तुमच्यासोबत एक इंडोनेशियन सहकारी नेमावा लागतो, ज्याला तुम्ही आपले कौशल्य द्यायचे असते. फिलिपिन्समध्ये त्या जागेसाठी योग्य फिलिपिनो उमेदवार मिळत नाही हे तपासण्यासाठी जागेची जाहिरात द्यावी लागते, मग कामाचा परवाना आणि नंतर '९-जी' व्हिसा. दोन्हीकडे हे काम शाळेचे आहे. पर्यटक व्हिसावर 'आधी या, मग बघू' म्हणणाऱ्या शाळेला तिथल्या तिथे नकार द्यावा.

घराचे वेगळेच गणित आहे. इंडोनेशियात घरमालक अनेकदा वर्षाचे भाडे एकदम मागतो. मनिलात साधारण दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे पुरते.

शेवगा

पहिल्या प्रतिसादात मी एकाच ओळीत सांगितले होते, आता कारण देते. जावामध्ये तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू हे गरिबाचे रोजचे अन्न आहे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या साध्या खानावळीतही पोटभर मिळते. शेंगदाण्याच्या कुटातल्या उकडलेल्या भाज्या म्हणजे पेचेल आणि गादो-गादो, ओले खोबरे घातलेली उराप, चिंचेचे सायूर आसेम हे सगळे मराठी जिभेला लगेच रुचते. एवढेच लक्षात ठेवावे की मिरचीच्या चटणीत बहुधा कोळंबीची तेरासी असते, म्हणून आधी विचारावे.

फिलिपिन्समध्ये भाजीतही डुकराचे मांस किंवा बागोओंग, म्हणजे खारवलेली मासळी, असते. शुक्रवारी तिथे मुगाची आमटी करण्याची पद्धत आहे आणि बिकोल भागात नारळाच्या दुधात अळूची पाने शिजवतात. दोन्ही पदार्थ पाहून आपला जीव सुखावतो, आणि दोन्हींत वरून सुकी मासळी किंवा मांस घातलेले असते. घरी स्वयंपाक करणार असाल तर काहीच अडत नाही. मूग, अळू, नारळ, शेवगा सारे बाजारात आहे. शेवग्याचा पाला तर ते 'मालुंगाय' म्हणून आजारी माणसालाही देतात.

रानजाई

माझा भाऊ फिलिपिन्समधल्या दावाओला वैद्यकीय शिक्षण घेतो. तिथे भारतीय विद्यार्थी इतके आहेत की महाविद्यालयांभोवती भारतीय खाणावळी सुरू झाल्या आहेत. मराठी मुलेही पुष्कळ आहेत. गणपती बसवतात.

खारवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. जेवणाचे मी निभावून नेईन. माझी मूळ चिंता आता मुलीपाशी येऊन थांबते. ती सुराबायात शेजारच्या मुलांशी बहासात खेळते, सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीत पोत्यांच्या शर्यतीत धावते, आणि आमच्या गल्लीचे प्रमुख, ज्यांना सगळे 'पाक एर्‌ते' म्हणतात, तिला नावाने ओळखतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. मनिलाला नेले तर ही तिसरी भाषा तुटेल आणि इमारतीतल्या एका सदनिकेत तिचे विश्व आखडेल अशी धास्ती वाटते.

पाणकणीस

खारवाराताई, ही धास्ती निराधार नाही. मनिलात परदेशी शिक्षक बहुधा उंच इमारतीत राहतात आणि दाराशी बंदूकधारी रखवालदार असतो. मूल खाली एकटे उतरत नाही. पण शाळेच्या बाहेर, उपनगरातल्या एखाद्या बारांगायमध्ये, म्हणजे वस्तीत, घर घेतलेत तर तिथेही गल्ली आहे, बास्केटबॉलची बास्केट प्रत्येक वळणावर आहे, आणि लहान मुलांना कडेवर घेण्याची फिलिपिनो लोकांची हौस मी इतरत्र कुठेच पाहिली नाही. दोन्हीकडे मोठ्यांना 'दादा', 'ताई' म्हणण्याची सवय असल्यामुळे ती चटकन मिसळेल. तिकडचे 'कुया' आणि 'आते' ती आठवड्यात उचलेल. वादळांची मात्र सवय करावी लागते. वर्षाला सुमारे वीस चक्रीवादळे त्या समुद्रात येतात आणि इशाऱ्याच्या क्रमांकावर शाळा बंद होते.

तुम्ही वर्गातल्या शांततेची गोडी लागली असे लिहिलेत, त्यावरून मला वाटते की तुमचे शिकवणे सुराबायात आत्ता कुठे रंगात आले आहे. सात वर्षांच्या मुलीची भाषाही तिथे रुजते आहे. मी तुमच्या जागी असते तर आणखी एक करार तिथेच केला असता, आणि तिची प्राथमिक शाळा संपल्यावर मनिलाचा विचार केला असता.

तिसरी घंटा

मी याच्या विरुद्ध मत नोंदवतो. सातव्या वर्षी मूल भाषा जितक्या सहज घेते तितकी बाराव्या वर्षी घेत नाही. जायचेच असेल तर आता जावे, आणि सुराबायातल्या मैत्रिणींशी बहासात बोलणे चालू ठेवावे.

तुळसण

निर्णय काहीही असो, तारखा नीट बघा. इंडोनेशियातले शालेय वर्ष जूनमध्ये संपते आणि मनिलातल्या आंतरराष्ट्रीय शाळा बहुतेक ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणजे मध्ये जेमतेम दोन महिने उरतात. इंडोनेशियातून कायमचे जाताना किटास रद्द करून बाहेर पडण्याची परवानगी शाळेनेच काढायची असते, तेव्हा राजीनामा लेखी द्या आणि ती परवानगी हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका. मनिलाच्या शाळेकडून करारात तीन गोष्टी लिहून घ्या : कामाच्या परवान्याचा आणि व्हिसाचा खर्च कोण करणार, मुलीची फी माफ आहे की सवलतीत, आणि नवऱ्याच्या निवासाचा व्हिसा तुमच्यासोबतच निघणार का. घरून काम करणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न सर्वात आधी विचारावा.